गाडीला कळत होतं, आपली चाचणी चालू आहे

मोटारीच्या धुराची सरकारी चाचणी कित्येक दशकं रस्त्यावर होतच नव्हती. ती व्हायची एका बंद हॉलमध्ये. जमिनीत रोलर बसवलेले असतात, त्यावर गाडीची इंजिनाने फिरणारी चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडून टाकायची, सायलेन्सरला जाडजूड नळी लावायची. चालकासमोर एक स्क्रीन, स्क्रीनवर सरकणारी एक रेघ. अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळत गाडीचा वेग त्या रेघेवर ठेवायचा, एवढंच चालकाचं काम. फोक्सवॅगनचं प्रकरण घडलं तेव्हा युरोपात जी चाचणी चालायची ती ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांना थोडीशीच कमी, आणि सुमारे अकरा किलोमीटरची होती. कोणत्या सेकंदाला वेग किती असणार हे नियमपुस्तकात छापलेलं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्हींना सारखंच पळवायला हवं, हा साधा हिशेब.

आता हेच सगळं गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरच्या बाजूने बघा. चालवणारी चाकं फिरताहेत, बाकीची दोन ठप्प. वेग ताशी १२० वर जाऊन आला, पण स्टिअरिंग जागचं हललं नाही. हॉलचं तापमान अगदी नेमस्त. आणि वेळ व अंतर यांचा आलेख नियमपुस्तकातल्या आलेखाशी तंतोतंत जुळतोय. स्टिअरिंगला हात न लावता अकरा किलोमीटर कोण जातं? आपल्याकडे तर अकरा मीटरसुद्धा नाही, खड्डा येतो.

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर अशाच खुणा टिपत होतं. खुणा जुळल्या की गाडी सोवळं नेसून बसायची, म्हणजे धूर साफ करणारी सगळी यंत्रणा पूर्ण जोमाने चालू. खुणा जुळल्या नाहीत, म्हणजे गाडी खऱ्या रस्त्यावर आहे, की यंत्रणा सैल सोडून द्यायची. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झालं तेव्हा अशा गाड्यांचा आकडा अमेरिकेत पावणेपाच लाखांच्या वर आणि जगभरात सुमारे १ कोटी १० लाख निघाला.

जुन्या काळी शाळा तपासायला दिपोटी यायचे. ते येणार ही बातमी आधी पोचायची, मग भिंती रंगायच्या आणि हुशार पोरं पुढच्या बाकांवर यायची. इथे फरक इतकाच की बातमी कुणी पोचवावी लागली नाही. शाळेनेच दिपोटींची चाल ओळखायला शिकून घेतलं होतं.

हे प्रकरण ‘एका जर्मन कंपनीने धुरात लबाडी केली’ अशा एका वाक्यात मिटवलं जातं. मला त्यातला उलटा मामला जास्त घोर वाटतो. नजर ठेवायची होती तपासणाऱ्याने. प्रत्यक्षात पाळत ठेवली गेली तपासणाऱ्यावर.

पण मुळात लबाडी करायची वेळ का आली? त्यासाठी डिझेल इंजिनाची एक जुनी अडचण समजून घ्यावी लागेल. डिझेल भरपूर हवेत, जबर दाबाखाली जळतं. म्हणूनच ते पेट्रोलपेक्षा चांगलं अ‍ॅव्हरेज देतं. पण त्या उष्णतेत हवेतला एरवी गरीब असलेला नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. पेट्रोल गाडीतला नेहमीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते साफ करू शकतो, कारण तिथे धुरात ऑक्सिजन फारसा उरलेला नसतो. डिझेलच्या धुरात तो उरतो, त्यामुळे तो कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइडपुढे हतबल. थोडा धूर परत इंजिनात सोडून ज्वलन थंड करता येतं, पण मग काजळी वाढते. काजळी अडवणारा फिल्टर बसवला तर तो लवकर भरतो. नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवणारा सापळा मिळतो, पण तो रिकामा करायला अधूनमधून जादा डिझेल जाळावं लागतं, म्हणजे अ‍ॅव्हरेज गेलं. युरियाचं पाणी धुरात फवारायचा उपाय सर्वांत चांगला, पण त्याला वेगळी टाकी लागते, खर्च वाढतो आणि ग्राहकाला ती टाकी भरत बसावी लागते. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं.

त्यात अमेरिकेचे नियम कडक. युरोपात त्या काळी डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.१८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, अमेरिकेत साधारण ०.०४ ग्रॅमची. फोक्सवॅगनला अमेरिकेत ‘स्वच्छ डिझेल’ या नावाने गाड्या विकायच्या होत्या. चांगलं अ‍ॅव्हरेज, दमदार ओढ, माफक किंमत आणि हिरवं प्रशस्तिपत्र, हे सगळं एकाच गाडीत. २००६ च्या सुमारास कंपनीच्या इंजिन विभागातल्या लोकांच्या लक्षात आलं की हे सगळं एकत्र बसत नाही. तेव्हा त्यांनी समूहातल्याच ऑडी कंपनीकडे असलेल्या सॉफ्टवेअरचा आधार घेतला. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ओळखणारा भाग त्यात होता. त्याला नाव दिलं होतं इंजिनाच्या आवाजाशी संबंधित वाटावं असं, म्हणजे यादी चाळणाऱ्याला शंका येऊ नये.

पुढे संशोधकांनी गाड्यांमधलं हे सॉफ्टवेअर उलगडून बघितलं, तेव्हा आत सापडल्या वेळ आणि अंतराच्या रेषा. एक वरची मर्यादा, एक खालची. गाडी सुरू झाल्यापासून तिचा प्रवास या दोन रेषांच्या पट्ट्यात राहतोय का, एवढंच सॉफ्टवेअर बघत राहायचं. वेगवेगळ्या देशांच्या चाचण्या वेगळ्या, म्हणून पट्टेही वेगवेगळे. पट्ट्याबाहेर गेलात की तुम्ही सामान्य ग्राहक. यात कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नव्हतं. बारावीच्या मुलाला समजेल इतका सोपा तर्क होता.

हे पकडलं कुणी, हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण पकडणारे कुणी चोर शोधायला निघालेच नव्हते. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेतल्या पीटर मॉक आणि जॉन जर्मन यांना दाखवून द्यायचं होतं की अमेरिकेतल्या डिझेल गाड्या रस्त्यावरही स्वच्छ असतात. मग युरोपातल्याच का नाहीत? चाचणीचं काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे गेलं. डॅन कार्डर यांच्या गटात मार्क बेश होते आणि अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीयही. बजेट अगदी बेताचं. त्यांनी कॅलिफोर्नियात तीन डिझेल गाड्या मिळवल्या, फोक्सवॅगनची एक जेट्टा, एक पसाट आणि एक बीएमडब्ल्यू. गाडीतच बसेल अशी मोजणी यंत्रणा मागे भरली, तिला वीज पुरवायला जनरेटर बांधला आणि गाड्या शहरात, घाटात, हायवेवर पळवल्या. पसाट तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत नेऊन परत आणली.

आकडे बघून आधी त्यांना आपलंच यंत्र बिघडलंय असं वाटलं. रस्त्यावर जेट्टा ठरलेल्या मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती, पसाट ५ ते २० पट. बीएमडब्ल्यू बहुतांश ठिकाणी मर्यादेत. आणि याच दोन फोक्सवॅगन गाड्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या प्रयोगशाळेत रोलरवर चढवल्या की झकास पास. मे २०१४ मध्ये अहवाल जाहीर झाला. त्यात लबाडीचा आरोप नव्हता, नुसते आकडे होते.

पुढचं दीड वर्ष कंपनीने तपास यंत्रणांना झुलवत ठेवलं. कधी हवामानाचं कारण, कधी मोजण्याच्या पद्धतीत खोट. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे पाच लाख गाड्या सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी परत बोलावल्या. अमेरिकी न्यायालयात कंपनीने नंतर जे कबूल केलं, त्यातला एक तपशील वाचताना मी दोनदा थांबलो. त्याआधी काही ग्राहकांच्या गाड्यांत धूर-यंत्रणेचे भाग नादुरुस्त होऊ लागले होते. इंजिनिअरांनी अंदाज बांधला की गाडी रस्त्यावर असतानाही कधी कधी स्वतःला चाचणीत समजते आणि यंत्रणेवर ताण येतो. यावर त्यांनी काय केलं? गाडीला रस्ता अधिक अचूक ओळखता यावा म्हणून स्टिअरिंगचा कोन मोजणारी भर सॉफ्टवेअरमध्ये घातली. नव्या गाड्यांत ती आलीच, पण जुन्या गाड्या सर्व्हिसिंगला आल्या की त्यांच्यातही भरली, आणि ग्राहकांना सांगितलं की तुमची गाडी सुधारतोय. लबाडीची डागडुजी ग्राहकाच्या दारात, फुकट!

कॅलिफोर्नियाच्या मंडळाने गाड्या पुन्हा मोजल्या, फरक जेमतेम. शेवटी मंडळाने आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने साधं शस्त्र काढलं: समाधानकारक खुलासा नाही, तर २०१६ च्या मॉडेलना विक्रीचा दाखलाही नाही. विक्रीच थांबणार म्हटल्यावर ३ सप्टेंबर २०१५ ला कंपनीने कबुली दिली, १८ तारखेला ती जगजाहीर झाली, २३ ला प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. तोपर्यंत सुमारे ४० कर्मचाऱ्यांनी हजारो कागदपत्रं नष्ट केली होती. हेही कंपनीच्या कबुलीतच आहे.

नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे डोळ्यांना दिसणारा काळा धूर नव्हे. म्हणून त्याचं गांभीर्य चटकन पोचत नाही. हा वायू श्वासनलिकेला सूज आणतो, दमेकऱ्याला छळतो. उन्हात त्याच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि हवेत रसायनं बदलत त्याचे अतिसूक्ष्म कण होतात, जे फुप्फुसातून रक्तापर्यंत जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की २००८ ते २०१५ या काळात एकट्या जर्मनीत विकल्या गेलेल्या अशा २६ लाख गाड्यांच्या जादा धुरामुळे युरोपात सुमारे १२०० माणसं अकाली मरतील. यातला एकही मृत्यू बोट दाखवून ‘हा त्या गाडीमुळे’ असं म्हणता येत नाही. म्हणून तर असे गुन्हे पचतात.

याच काळातली आणखी एक गोष्ट २०१८ मध्ये बाहेर आली. फोक्सवॅगन, मर्सिडीज बनवणारी डेमलर आणि बीएमडब्ल्यू यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन गटाने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीच्या प्रयोगशाळेत दहा माकडं हवाबंद पेट्यांमध्ये बसवली, त्यांना कार्टून लावून दिली आणि डिझेल बीटल गाडीचा धूर आत सोडला. नवं डिझेल किती निर्धोक आहे हे सिद्ध करायचं होतं. गंमत म्हणावी की काय, ती बीटल रोलरवर पळत होती आणि तिच्यात तेच सॉफ्टवेअर होतं. म्हणजे माकडांच्या वाट्याला आलेला धूरसुद्धा बनावट स्वच्छ!

परीक्षकावर पाळत ठेवायची ही कल्पना मोटारींपुरती नव्हती. उबर कंपनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात परवान्याविना सुरू झाली. शहराचे निरीक्षक साध्या प्रवाशासारखे अ‍ॅपवरून टॅक्सी मागवून पुरावा गोळा करायला निघाले. टॅक्सी काही येईना. कारण उबरकडे ‘ग्रेबॉल’ नावाची यंत्रणा होती. कोण सरकारी कचेरीच्या आसपास वारंवार अ‍ॅप उघडतं, कुणाचं कार्ड पोलिसांच्या पतसंस्थेशी जोडलेलं आहे, अशा खुणांवरून ती निरीक्षकांना हेरायची आणि त्यांच्या स्क्रीनवर अस्तित्वातच नसलेल्या गाड्या फिरवत ठेवायची. मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं. डिझेलच्या बाबतीत गाडीने रोलर ओळखला, इथे अ‍ॅपने माणूस ओळखला. ग्राहक म्हणून आपण सोयीसाठी दिलेली माहितीच इथे शस्त्र म्हणून वापरली गेली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं तपासणारेही नोंदवतात की आपली चाचणी चालली आहे हे काही मॉडेलं ओळखतात, तसं लिहूनही दाखवतात. तिथे कुणी तसं मुद्दाम शिकवलेलं नाही, म्हणून प्रश्न वेगळा आहे. पण तपासनिसाची पंचाईत तीच.

आपल्याकडे काय झालं? पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआयचं आवार माहीत असतं. भारतात गाड्यांना मान्यता देण्यापूर्वी त्यांची चाचणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी ही एक. फोक्सवॅगनचा कारखानाही जवळच, चाकणला. अमेरिकेतली बातमी फुटल्यावर एआरएआयने या गाड्या रस्त्यावर मोजल्या. भारत स्टेज ४ या धुराच्या तेव्हाच्या सरकारी निकषातल्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट नायट्रोजन ऑक्साइड निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या.

पण कायदा मोडल्याचं कंपनीने भारतात मान्य केलं नाही. आणि तिचा युक्तिवाद ऐकून चिडावं की हसावं कळत नाही, कारण तो पोकळ नव्हता: भारतात तेव्हा रस्त्यावरच्या धुराला मर्यादाच लागू नव्हती. मर्यादा प्रयोगशाळेतल्या, आणि प्रयोगशाळेत गाड्या पास. राष्ट्रीय हरित लवादाने हे मानलं नाही. लवादाच्या समितीने दिल्लीतल्या आरोग्यहानीचा हिशेब १७१.३४ कोटी रुपये काढला. मार्च २०१९ मध्ये लवादाने दंड ५०० कोटींवर नेला, कारण इतक्या मोठ्या कंपनीला जरब बसेल असा आकडा हवा. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे तिच्यावरच्या कारवाईला स्थगिती मिळाली.

तुलनेसाठी, अमेरिकेत २०१६ मध्ये एकाच तडजोडीत १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद झाली. त्यातला मोठा भाग ग्राहकांच्या गाड्या परत विकत घेण्यासाठी होता. २०१७ मध्ये फौजदारी गुन्ह्याची कबुली देऊन कंपनीने आणखी ४.३ अब्ज डॉलर भरले. एकूण प्रकरण कंपनीला ३० अब्ज युरोंहून जास्त महागात पडलं. जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिने आणि ऑलिव्हर श्मिट या अधिकाऱ्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. जर्मनीत न्यायाची गाडी सावकाश चालली. ऑडीचे माजी प्रमुख रूपर्ट श्टाडलर यांना २०२३ मध्ये स्थगित शिक्षा झाली, म्हणजे तुरुंग नाही. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चौघांना दोषी ठरवलं, त्यातल्या दोघांना तुरुंगवास. विंटरकोर्न यांचा खटला २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या प्रकृतीमुळे थांबला. आणि कुणी म्हणेल हा एकाच कंपनीचा रोग, तर डेमलर आणि फियाट क्रायस्लर यांनीही अशाच आरोपांवरून अमेरिकेत मोठ्या रकमा मोजल्या. पुणेकरांच्या ओळखीच्या कमिन्सच्या मूळ अमेरिकी कंपनीने तिथल्या रॅम ट्रकांच्या इंजिनांबाबत १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला, दोष मात्र कबूल केला नाही.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. गाडीतलं सॉफ्टवेअर कुणी उघडून बघू शकत होतं का? अमेरिकेत कॉपीराइटच्या कायद्याने त्यावर कुलूप होतं. मालकांना आणि अभ्यासकांना आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर तपासायची सूट द्यावी, अशी मागणी तेव्हा विचारात होती. जुलै २०१५ मध्ये तिला विरोध करणाऱ्यांत खुद्द पर्यावरण संस्था होती! लोक सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करून प्रदूषण वाढवतील, ही तिची भीती. दोन महिन्यांनी कळलं, ढवळाढवळ कारखान्यातूनच होऊन येत होती. ऑक्टोबरात ती सूट मिळाली.

नियम मात्र बदलले, हे मान्य करायला हवं. युरोपाने २०१७ पासून रस्त्यावरची चाचणी सक्तीची केली. गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधायचं आणि खऱ्या रहदारीत जायचं, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या पोरांनी केलं तेच. भारतात एप्रिल २०२३ पासून बीएस ६ च्या दुसऱ्या टप्प्यात नव्या गाड्यांना ही अट लागली. आता प्रत्येक फेरी थोडी वेगळी असते, त्यामुळे पाठ केलेला आलेख कामाला येत नाही.

जुन्या गाड्यांचं काय? त्यांची तपासणी होते पीयूसी केंद्रावर. डिझेल गाडी असेल तर तिथला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, ‘रेस द्या’ म्हणतो आणि धुरातून प्रकाश किती आरपार जातो ते यंत्र मोजतं. म्हणजे मोजली जाते ती काजळी. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. ज्या वायूवरून जगभर हे एवढं रामायण घडलं तो नायट्रोजन ऑक्साइड पीयूसीत मोजलाच जात नाही. त्यामुळे २०१५ मध्ये परत बोलावलेली एखादी डिझेल गाडी सॉफ्टवेअर न बदलताच आज रस्त्यावर असेल, तर तिला कुणाला फसवावंही लागत नाही. तिला हवा तो दाखला रीतसर मिळतो.